ग्रीकमधून आलेल्या तत्त्वज्ञान-विज्ञानाच्या शब्दांचे अर्थ इतके कसे बदलले? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्र. ॲटम म्हणजे 'कापता न येणारा' ना? मग तो फुटला कसा?

सगळ्यात जास्त वेळा हेच विचारतात म्हणून सगळ्यात आधी. ग्रीक शब्द 'आटोमोस', त्यात सुरुवातीचा 'आ' म्हणजे आपल्या अशक्य, अमर मधला नकाराचा 'अ' आणि पुढचा भाग 'कापणे' या धातूचा. इ.स.पू. ५व्या शतकात ल्युसिपस आणि अब्डेरा गावचा डेमोक्रिटस यांचं म्हणणं होतं की जगात खरं तर दोनच गोष्टी आहेत, न कापता येणारे कण आणि रिकामी जागा, बाकी रंग चव वास वगैरे सगळं या दोघांच्या मांडणीतून येतं. म्हणजे त्यांच्याकडे ॲटमचा जोडीदार होता पोकळी. नंतर जॉन डाल्टनने १८०८ साली रसायनशास्त्राच्या पुस्तकात हेच जुनं नाव उचललं पण त्याला हवं होतं काहीतरी वेगळंच, प्रत्येक मूलद्रव्याचा आपला एक ठरावीक वजनाचा कण, आणि ते कण कुठल्या प्रमाणात एकत्र येतात त्याचा हिशोब. पोकळीशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं.

मग १८९७ ला थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला, १९११ ला रदरफर्डने केंद्रक दाखवलं, १९३२ ला केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी प्रोटॉन आदळून लिथियमचं केंद्रक फोडलं. फुटला तो डाल्टनचा ॲटम. डेमोक्रिटसचं म्हणणं थोडक्यात असं की कापता कापता कुठेतरी थांबावंच लागेल, ते यातून खोटं ठरत नाही, फक्त आज आपण ते नाव ज्या वस्तूला दिलंय ती वस्तू ती नाही. पाटी आधी चिकटवली आणि वस्तू नंतर तपासली, एवढंच झालं. त्यामुळे 'ग्रीक लोक चुकले' असं कोणी ठोकून दिलं की मला खरंच वाईट वाटतं.

प्र. मराठीत ॲटमला अणू म्हणतात आणि हिंदीत परमाणु. बरोबर कोण?

दोघंही. महाराष्ट्रातल्या शाळेत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदी माध्यमात ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. म्हणजे एकच 'अणू' शब्द सीमा ओलांडली की एक पायरी वर सरकतो, आणि बदली होऊन इकडून तिकडे शाळा बदललेल्या मुलांची यात खरोखर फजिती होते. चूक कोणाची नाही, दोन्हीकडच्या परिभाषा करणाऱ्यांनी जुने संस्कृत शब्द घेऊन त्यांना नवीन काम दिलं आणि ते काम दोघांनी वेगवेगळं वाटलं. आपल्या जुन्या मराठीत रेणू म्हणजे साधा धुळीचा कण. त्याचं आज H₂O झालंय, हाही तसाच अर्थबदल, ग्रीकांकडे जायचीसुद्धा गरज नाही.

प्र. मग कणादांचा परमाणू आणि डेमोक्रिटसचा ॲटम एकच म्हणायचा का?

नाही. कणादांच्या परंपरेतल्या, म्हणजे वैशेषिकांचा परमाणू पृथ्वीचा, जलाचा, तेजाचा, वायूचा असा चार जातींचा असतो, त्याला स्वतःचे गुण असतात. डेमोक्रिटसच्या कणाला फक्त आकार आहे, लहान-मोठेपण आहे, तो कसा बसलाय ते आहे, रंग-वास काही नाही. एक गोष्ट मात्र मला फार आवडते. वैशेषिकात दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक किंवा त्रसरेणू, आणि त्रसरेणू म्हणजे खिडकीतून उन्हाची तिरीप आली की त्यात तरंगताना दिसतो तो कण. आणि ॲरिस्टॉटल डेमोक्रिटसबद्दल सांगताना लिहितो की तो आत्म्याच्या कणांची तुलना खिडकीतून येणाऱ्या उन्हात दिसणाऱ्या कणांशी करायचा. दोन्हीकडे तीच तिरीप! पण यावरून कोणी कोणाकडून उचललं असं सिद्ध होत नाही, ऊन आणि धूळ दोन्हीकडे होतीच.

प्र. एनर्जी हा शब्द ॲरिस्टॉटलचा आहे म्हणे. म्हणजे त्याला ऊर्जा माहीत होती?

शब्द त्याचाच, अर्थ मात्र आजचा अजिबात नाही, आणि इथे थोडं थांबायला हवं कारण या एका शब्दात सगळा प्रकार दिसतो.

'एनेर्गेइया' मध्ये 'एन' म्हणजे आत आणि 'एर्गोन' म्हणजे काम. प्रत्यक्ष कामात असणं, चालू असणं. ॲरिस्टॉटलच्या आधी हा शब्द कुठे सापडत नाही, त्यानेच बनवला असं मानतात. त्याचा जोडीदार 'डुनामिस', म्हणजे क्षमता, होऊ शकणं. गवंडी झोपलेला असतो तेव्हाही त्याच्यात घर बांधायची डुनामिस असते, तो उठून थापी हातात घेऊन बांधायला लागला की ती प्रत्यक्षात येते. बी मध्ये झाड डुनामिसने आहे, उभं झाड एनेर्गेइयाने. म्हणजे हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध टोकाला उभे आहेत.

आता पुढे बघा. थॉमस यंगच्या १८०७ साली छापलेल्या व्याख्यानांमध्ये एनर्जी हा शब्द वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या राशीला दिलेला आहे. मग १८५३ ला रँकिनने 'पोटेन्शियल एनर्जी' हे नाव काढलं. पोटेन्शियल कुठून आलं तर लॅटिन 'पोटेन्शिया' वरून, आणि पोटेन्शिया म्हणजे मध्ययुगात डुनामिसचंच केलेलं भाषांतर! म्हणजे पोटेन्शियल एनर्जी हे ॲरिस्टॉटलला ऐकवलं असतं तर त्याला 'न झालेलं झालेलं' असं काहीतरी ऐकू आलं असतं.

आणि कायनेटिक एनर्जीचं तर त्याहून पुढचं. कायनेटिक हे 'किनेसिस' वरून, किनेसिस म्हणजे हालचाल, बदल. 'मेटाफिजिक्स' या ग्रंथाच्या नवव्या भागात, सहाव्या प्रकरणाच्या शेवटी, ॲरिस्टॉटल किनेसिस आणि एनेर्गेइया यांच्यात फरक करतो. तो म्हणतो घर बांधणं, शिकणं, वजन कमी करणं ही किनेसिस, कारण ती चालू असतात तोवर पूर्ण झालेली नसतात, बांधतोय म्हणजे अजून बांधून झालं नाही. पण बघणं, विचार करणं, चांगलं जगणं ही एनेर्गेइया, बघतोय त्याच क्षणी बघून झालेलंही असतं, ते पुढच्या कशासाठी अडून बसलेलं नसतं. म्हणजे आपण नववीत जे दोन प्रकार पाठ करतो, स्थितिज ऊर्जा आणि गतिज ऊर्जा, त्यांच्या इंग्रजी नावात एनेर्गेइयाला तिच्या दोन्ही विरोधकांशी जोडून टाकलंय.

यात विज्ञानवाल्यांनी काही बिघडवलं असं मला वाटत नाही. त्यांना मोजता येणारी राशी हवी होती आणि तिला नाव हवं होतं. पण कोणी ॲरिस्टॉटलच्या पानावर 'ऊर्जा' असं भाषांतर करून ठेवलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात पेट्रोल आणि बॅटरी येते आणि तिथे मूळ मुद्दा हरवतो. 'प्रत्यक्ष असणं' किंवा 'क्रियेत असणं' म्हटलं तर निदान दिशा बरोबर राहते.

डुनामिसचं काय झालं विचाराल तर आल्फ्रेड नोबेलने १८६७ ला आपल्या स्फोटकाला डायनामाइट नाव दिलं.

प्र. पण शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा अर्थ ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलाय, भाषणात पहिलंच वाक्य 'अमुक शब्दाचा मूळ अर्थ असा की...' आणि मग त्यावरून थेट आज काय करावं याचा निष्कर्ष. मूळ अर्थ म्हणजे शब्दाचा एक जुना पत्ता, आज तिथे कोण राहतंय ते वेगळं बघावं लागतं. ऑक्सिजनचं घ्या. लव्हॉयझियेने ग्रीक तुकडे जोडून 'आम्ल तयार करणारा' असं नाव बनवलं कारण त्याला वाटायचं सगळ्या आम्लांत हा वायू असतोच. १८१० च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने दाखवलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ऑक्सिजन नाहीच. नाव चुकीचं ठरलं, पण राहिलं, आणि कोणाचं काही अडलं नाही. मराठीत तर आपण त्याला प्राणवायू म्हटलं, वेगळ्याच बाजूने.

उलट चूकही तितकीच होते, आजचा अर्थ घेऊन जुनं पुस्तक वाचायचं आणि 'त्यांना तेव्हाच सगळं माहीत होतं' म्हणायचं. दोन्ही टाळा.

प्र. ईथर नेमकं काय आहे? भूल, प्रकाशाचं माध्यम की नेटवर्क केबल?

सगळंच, वेगवेगळ्या वेळी. होमरच्या काव्यात 'ऐथेर' म्हणजे ढगांच्या वरचं झगझगीत आकाश, शब्द 'पेटणे' या धातूचा. ॲरिस्टॉटलने त्याला पाचवं द्रव्य केलं, पृथ्वी पाणी हवा अग्नी हे सरळ खाली किंवा वर जातात पण तारे गोल फिरतात, म्हणजे ते वेगळ्या कशाचे तरी बनलेत, ते ऐथेर. त्याने व्युत्पत्तीपण दिली, 'सतत धावणारं' अशी, ती भाषाशास्त्राने चुकीची, पण बघा की सिद्धांत बदलला तेव्हा शब्दाची व्युत्पत्तीसुद्धा सिद्धांताला जुळेल अशी सांगितली गेली.

१८व्या शतकात एका अतिशय पटकन उडून जाणाऱ्या द्रवाला, इतकं हलकं म्हणून, ईथर नाव पडलं. त्याच द्रवाची वाफ देऊन १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टनने जाहीर शस्त्रक्रियेत भूल दिली. त्याच १९व्या शतकात भौतिकशास्त्रात प्रकाशाच्या लाटा ज्यातून जातात ते सगळीकडे भरलेलं माध्यम म्हणजे ईथर असं धरलेलं, १८८७ ला मायकेलसन आणि मोर्ली यांनी त्यातून पृथ्वी जाते त्याचा परिणाम मोजायचा प्रयत्न केला आणि अपेक्षित फरक मिळाला नाही, १९०५ ला आइन्स्टाइनने त्याची गरजच नाही म्हटलं. शब्द मेला असं वाटतं ना? १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफने झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात संगणक जोडायची पद्धत काढली, तिथे एक माध्यम सगळीकडे पसरलेलं आणि सगळे त्यातून संदेश टाकतात, म्हणून नाव ईथरनेट. तुमच्या राऊटरमागच्या निळ्या केबलीत होमरचं आकाश आहे हे मला आजही भारी वाटतं.

एक सूचना. याचं मराठी 'आकाश' करू नका. आपल्याकडच्या आकाश महाभूताचा गुण शब्द, म्हणजे ध्वनी. ग्रीक ऐथेर ताऱ्यांचं द्रव्य. पाचवा नंबर दोघांचाही आहे एवढ्यावर जुळवाजुळव होत नाही.

प्र. मराठीत थेट ग्रीकमधून आलेले शब्द आहेत का, इंग्रजीतून न येता?

आहेत आणि रोजच्या वापरात आहेत! पहिला मान 'केंद्र'ला. ग्रीक 'केन्ट्रॉन' म्हणजे टोचणारं टोक, बैल हाकायची पराणी, मधमाशीची नांगी, आणि मग कंपासचं ते टोक जे कागदावर एका जागी रुतून राहतं. तिथून वर्तुळाचा मध्य. ग्रीक ज्योतिषाबरोबर शब्द संस्कृतात आला, कुंडलीत १, ४, ७, १० ही स्थानं म्हणजे केंद्रस्थानं. आज मतदान केंद्र, आरोग्य केंद्र, 'केंद्राने निधी दिला नाही'. पराणीपासून दिल्लीपर्यंत.

दुसरा 'होरा'. ग्रीकमध्ये 'होरा' म्हणजे ऋतू, नंतर दिवसाचा भाग, तास, इंग्रजी अवर आणि हॉरोस्कोप त्यातूनच. ६व्या शतकातला वराहमिहिर बृहज्जातकात सांगतो की काहींच्या मते होरा हा शब्द 'अहोरात्र' मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर काढून बनलाय. किती सुंदर जुळतं! अ काढा, त्र काढा, होरा. पण ही नंतर जुळवलेली व्युत्पत्ती, आणि याच वराहमिहिराने बृहत्संहितेत यवन (म्हणजे तेव्हाचे ग्रीक) म्लेच्छ असले तरी हे ज्योतिषशास्त्र त्यांच्यात नीट रुजलंय म्हणून त्यांनाही ऋषींसारखं पूजलं जातं असं मोकळेपणाने लिहून ठेवलंय. तो मोकळेपणा आपण शिकावा असं मला मनापासून वाटतं. तिसरा 'जामित्र', सातवं स्थान, ग्रीक 'डायामेट्रोस' म्हणजे व्यास, लग्नस्थानाच्या, म्हणजे कुंडलीतल्या पहिल्या घराच्या, बरोबर समोरचं घर, म्हणून विवाहस्थान.

तत्त्वज्ञानाचा नाही पण सांगतोच, 'सुरुंग'. बहुतेक अभ्यासक हा ग्रीक 'सुरिंक्स' वरून मानतात, म्हणजे नळी, बासरी, भुयार. संस्कृतात 'सुरुङ्गा' म्हणजे भुयार, आणि मराठीत विहिरीच्या खडकात भोक पाडून दारू ठासायची तो सुरुंग. दवाखान्यातली सिरिंजपण तिथलीच. पोकळ नळी एवढं मूळ, आणि एकीकडे स्फोट आणि एकीकडे इंजेक्शन.

प्र. आपला 'ग्रह' आणि त्यांचा 'प्लॅनेट', यात काय फरक?

प्लॅनेट म्हणजे भटक्या, स्थिर ताऱ्यांमधून फिरणारा. त्यांच्यात सूर्य आणि चंद्र धरून सात, पृथ्वी नाही. आपल्या ग्रह शब्दात 'पकडणे' आहे, आणि नवग्रहांत रवी-सोम आहेतच शिवाय राहू-केतू. कोपर्निकसच्या १५४३ च्या पुस्तकानंतर हळूहळू सूर्य बाहेर आणि पृथ्वी आत. ऑगस्ट २००६ मध्ये प्रागला मतदान होऊन प्लूटो बाहेर. नाव तेच राहिलं, यादी बदलत गेली. म्हणून 'सूर्याला ग्रह म्हणणारे अडाणी' हे म्हणणं चुकीचं आहे, त्यांच्या व्याख्येत तो बसत होता.

प्र. एपिक्युरियन म्हणजे खाण्यापिण्याचा शौकीन, सिनिक म्हणजे सगळ्यांवर संशय घेणारा. बरोबर?

आज बरोबर. पण एपिक्युरसला विचाराल तर भूक लागलेल्या माणसाला भाकरी आणि पाणी यात परमसुख आहे असं तो पत्रात लिहितो, एका मित्राकडे त्याने थोडं चीज मागवलं, कधीतरी चैन करता यावी म्हणून. सुख म्हणजे शरीराला दुखणं नसणं आणि मनाला घोर नसणं. त्याला भोगवादी ठरवलं त्यात त्याच्या विरोधकांचा मोठा हात आहे. सिनिक हा शब्द 'कुत्र्यासारखा' यावरून, त्या पंथातला प्रसिद्ध डायोजेनिस उघड्यावर राहायचा, कशाची लाज बाळगायचा नाही. त्याचा माणसांच्या चांगुलपणावर विश्वास उडाला होता असं नाही, उलट सद्गुण एवढाच पुरे बाकी सगळं ओझं असं त्याचं म्हणणं. आजचा सिनिकल माणूस नेमका यालाच हसेल.

प्र. हे अर्थ बदलतं कोण? विद्वान की सामान्य माणसं?

खूपदा भाषांतरकार. प्लेटोला एका संवादात 'कसा?' या प्रश्नावरून एक नाम हवं होतं, त्याने 'पोइओटेस' असं बनवलं आणि तिथेच म्हटलं की शब्द विचित्र वाटेल. शब्दशः कसेपणा. रोमन लेखक सिसेरोने लॅटिनमध्ये तसाच 'क्वालिटास' घडवला. त्याचीच क्वालिटी. प्लेटोच्या अर्थाने वाईट मालालाही क्वालिटी आहे, कारण तोही 'कसा तरी' आहेच, पण बाजारात 'क्वालिटी माल' म्हटलं की चांगलाच. इथे मात्र बदल सामान्य माणसांनी केला.

दुसरा रस्ता बगदादचा. ९व्या शतकात हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या बरोबरच्यांनी ग्रीक वैद्य गॅलेनचे वैद्यकाचे ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले. गॅलेनचा 'क्रासिस' म्हणजे शरीरातल्या गरम-थंड-कोरड्या-ओल्याचं मिश्रण, त्याला अरबीत 'मिझाज', तोही मिश्रणच. ज्याचं मिश्रण जसं तसा त्याचा स्वभाव. युनानी वैद्यकात हा अर्थ अजून जिवंत आहे, आणि मराठीत फारसीमार्गे आलेली 'मिजास' मात्र नुसता तोरा. 'फार मिजास करू नकोस' म्हणताना कोणाच्या मनात गॅलेन नसतो.

प्र. मेटाफिजिक्स म्हणजे भौतिकाच्या पलीकडचं, अध्यात्म, असंच ना?

मूळ शब्द 'ता मेता ता फुसिका', म्हणजे 'फिजिक्सच्या नंतरची'. ॲरिस्टॉटलने हे नाव कुठे वापरलेलं नाही. परंपरा सांगते की इ.स.पू. १ल्या शतकात रोड्सच्या अँड्रोनिकसने त्याचं लिखाण लावताना हे ग्रंथ निसर्गविषयक ग्रंथांनंतर ठेवले. 'नंतर'चं 'पलीकडे' पुढे झालं. आज दुकानात त्या पाटीखाली स्फटिक आणि टॅरो मिळतात, आत ॲरिस्टॉटल विचारत होता 'एखादी गोष्ट आहे म्हणजे काय'.

प्र. मला ग्रीक येत नाही. मग हे सगळं वाचायचं कसं?

येत नसलं तरी चालतं. मी स्वतः एक सवय पाळतो आणि तीच सुचवीन, भाषांतरात मोठा शब्द दिसला, कारण, निसर्ग, रूप, सद्गुण, की आधी शोधा त्याच्या समोर लेखकाने काय उभं केलंय. 'फुसिस' म्हणजे निसर्ग असं पाठ करू नका, सोफिस्टांच्या, म्हणजे पैसे घेऊन वादविद्या शिकवणाऱ्या ग्रीक शिक्षकांच्या, वादात समोर 'नोमोस' म्हणजे माणसांनी ठरवलेला रिवाज असतो तेव्हा त्याचा अर्थ एक, ॲरिस्टॉटलमध्ये समोर 'टेक्ने' म्हणजे कारागिरी असते तेव्हा दुसरा. 'अरेटे'ला सद्गुण म्हणतात पण ॲरिस्टॉटल घोड्याची आणि डोळ्याचीपण अरेटे सांगतो, तिथे सद्गुण बसतच नाही, आपलं काम उत्तम करणं असं घ्यावं लागतं.

दुसरं, समासातले आकडे बघा. ॲरिस्टॉटलच्या कुठल्याही बऱ्या भाषांतरात बेकरच्या आवृत्तीचे आकडे असतात, प्लेटोत स्टेफानसचे, त्यामुळे दोन भाषांतरं शेजारी ठेवून तीच ओळ पटकन सापडते, आणि जिथे दोघांनी वेगळे शब्द वापरलेत तिथे नक्की काहीतरी अवघड आहे. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस संग्रहात मूळ ग्रीक मजकूर फुकट आहे, शब्दावर क्लिक केलं की त्याची माहिती दिसते आणि तिथून लिडेल-स्कॉटच्या ग्रीक-इंग्रजी कोशापर्यंत जाता येतं. गणितामुळे अल्फा बीटा थीटा आपल्याला येतातच, उरलेली अक्षरं शिकायला फार वेळ लागत नाही. आणि पहिलंच काय वाचू असं विचारत असाल तर वर सांगितलेला किनेसिस-एनेर्गेइयाचा उतारा घ्या, बेकर आकडा १०४८बी, जेमतेम पानभर आहे.